पोढीतले पाणी



लेणी बघायची म्हटले की आपल्या घरात पहिले नाव अजिंठ्याचे निघते आणि दुसरे वेरूळचे. मग खर्चाचा हिशेब होतो. जाण्यायेण्याचे भाडे, मुक्काम, पोराबाळांचे खाणेपिणे आणि बुडालेल्या दोन-तीन खाड्यांची मजुरी. हिशेब पुरा होण्याआधीच आई म्हणते, "पुढल्या वर्षी बघू." असे करता करता पोरगी सासरी जाते, पोरगा कामाला लागतो आणि घरातल्या कॅलेंडरवरचे अजिंठ्याचे चित्र तेवढे बघायचे राहते.

सातारा-सांगलीकडच्या आपल्या माणसांना आमचे सांगणे असे की, आधी आपल्या उंबऱ्यापाशी आहे ते बघा. कराडच्या नैऋत्येला, शहराबाहेर पडले की आगाशिवाचा डोंगर दिसतो. पुणे-बेंगळुरू महामार्गावरून एस.टी.ने जाताना आपण हा डोंगर शंभर वेळा पाहिलेला असतो. त्याच्या अंगावर साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. जखिणवाडीच्या बाजूला एक मोठा गट आहे. बाकीची लेणी डोंगराच्या दुसऱ्या सोंडांवर आहेत आणि काही कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड करून विखुरलेली आहेत. वय सुमारे दोन हजार वर्षे. इंग्रज अमदानीत 1849 च्या सुमारास साताऱ्याचा इंग्रज अधिकारी बार्टल फ्रिअर याने त्यांची माहिती विद्वानांच्या सभेपुढे ठेवली. आपल्या कित्येक घरांत मात्र ती अजून पोचलेली नाही.

मागल्या माघ महिन्यात आम्ही वस्तीतल्या पाच-सहा घरांना घेऊन या डोंगरावर गेलो. मंडळी सांगलीची. त्यात एक गवंडीकाम करणारे काका, दोघी-तिघी धुणीभांडी करणाऱ्या बाया, कॉलेजात जाणारा एक तरुण, शाळकरी पोरांचे लेंढार आणि ऐंशीच्या घरातल्या एक आजी. आजींना सगळ्यांनी सांगितले, डोंगर आहे, तुम्ही खालीच बसा. आजी म्हणाल्या, "सगळा जलम डोंगरात गवात कापण्यात गेला. मला काय डोंगर दावता?" आणि चपला हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे निघाल्या.

वर पोचल्यावर पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "बुद्धाची मूर्ती कुठाय?" पोरे जरा हिरमुसलीच. चित्रे नाहीत, मोठी मूर्ती नाही, साधी चौकोनी दालने आणि काळा दगड. एवढ्यासाठी वर आणले का, असे त्यांच्या तोंडावर दिसत होते.

इथे घरातल्या मोठ्या माणसाने बोलले पाहिजे. आगाशिवाची लेणी अजिंठ्यातल्या प्रसिद्ध चित्रांच्या कितीतरी आधीची आहेत. त्या काळी तथागतांची मूर्ती करण्याची रीत नव्हती. तथागतांची आठवण स्तूपातून होत असे, बोधिवृक्षातून होत असे आणि धम्मचक्रातून होत असे. म्हणून इथे चैत्यगृहात मूर्ती नसून दगडातच कोरलेला स्तूप आहे. एका चैत्याच्या दर्शनी भागी चक्र आणि सिंह कोरलेले आहेत. ते दिसल्याबरोबर पाचवीतली एक पोरगी ओरडली, "झेंड्यावरचं चक्र!" पोरगी बरोबर बोलली. 1947 साली देशाने झेंड्यावर जे चक्र घेतले आणि 1950 साली राजमुद्रेवर जे सिंह घेतले, ते सारनाथच्या अशोकस्तंभावरचे. त्याच धम्माची खूण इथे कराडच्या डोंगरावर आहे.

चैत्य म्हणजे वंदनेची जागा. विहार म्हणजे भिक्खूंची राहण्याची जागा. मधे एक दालन, त्याच्या बाजूंना लहान लहान खोल्या आणि खोलीत दगडाचाच कट्टा. तो भिक्खूचा बिछाना. पोरांना त्या कट्ट्यावर एकेक करून बसायला सांगावे आणि विचारावे, उशी नाही, गादी नाही, झोप येईल का? आमच्यातल्या एका पोराने उत्तर दिले, "आमच्या घरी पण तसंच झोपतो." सगळे हसले. पण त्या हसण्यात खोटे काही नव्हते.

भिक्खू वर्षभर फिरत असत. आषाढ पौर्णिमेपासून पावसाचे तीन महिने मात्र एका जागी राहून वर्षावास करायचा, असा संघाचा नियम. सह्याद्रीतला पाऊस तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. त्या पावसात न गळणारे घर हवे म्हणून हे कोरीव घर. शिवाय कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून येणारा माल कऱ्हाड गावात उतरत असे. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे हे गाव त्या काळी करहाकट किंवा करहाकड या नावाने दूरवर माहीत होते. जिथे माणसांची ये-जा, तिथे जवळच्या डोंगरात भिक्खूंचा निवास, अशी महाराष्ट्रातल्या बहुतेक लेण्यांची जागा आहे. भिक्खूला भिक्षेसाठी गाव लागते आणि ध्यानासाठी गावापासून दूर शांत जागा लागते. डोंगराच्या अंगावर उभे राहून खाली बघितले म्हणजे हे न सांगता कळते.

आमचे गवंडी काका बराच वेळ गप्प होते. भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांवरून ते बोटे फिरवत होते. मग म्हणाले, "हे आपल्यासारखं खालनं वर नाही बांधलं. वरनं खाली आलेत." काकांनी नेमके ओळखले. घर बांधताना पाया आधी आणि छत शेवटी. लेणे खोदताना छत आधी आणि जमीन शेवटी. दगड वरून काढत काढत खाली यायचे, म्हणजे परांची बांधावी लागत नाही. पण चुकायची सोय नाही. वीट वाकडी बसली तर काढता येते, खडक जास्त निघाला तर परत बसवता येत नाही. काका म्हणाले, "आमच्या मुकादमाला आणून दाखवायला पाहिजे." ज्यांनी हे काम केले त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. त्यांच्या हाताची खूण मात्र दोन हजार वर्षांनी एका गवंड्याच्या बोटाला लागली.

नावे आहेत ती दान देणाऱ्यांची. आगाशिवाच्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला लहानसा लेख आहे. गोपालाचा मुलगा संघमित्र याने हे लेणे दान दिले, एवढाच त्याचा अर्थ. पदवी नाही, राजाचे नाव नाही. बापाचे नाव, आपले नाव आणि दान.

कराडच्या माणसांची दाने कराडपुरती राहिली नाहीत. रायगड जिल्ह्यात कुडा येथे लेणी आहेत. तिथल्या एका लेखात करहाकडचा लोखंडाचा व्यापारी महिक याने लेणे दिल्याचे कोरलेले आहे. त्याहून दूर, मध्य प्रदेशात सतनाजवळ भारहुत येथे मोठा स्तूप होता. 1873 साली कनिंगहॅमने तो उजेडात आणला आणि त्याचे कठडे आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. त्या कठड्यांच्या दानलेखांत करहाकट गावाचे नाव आहे. एका लेखात तर एकट्यादुकट्याचे नव्हे, सगळ्या नगराचे मिळून दान नोंदलेले आहे. हे करहाकट म्हणजे आपले कराड, असे विद्वान मानतात. रेल्वे नाही, मोटार नाही अशा काळात कराडच्या लोकांनी शेकडो कोसांवरच्या स्तूपाला वर्गणी पाठवली.

वर्गणी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आपल्या वस्तीतले विहार कसे उभे राहिले ते आठवा. कुणी शंभर दिले, कुणी सिमेंटची दोन पोती दिली, कुणी रविवारी अंगमेहनत दिली. भिंतीवर देणगीदारांचा फलक लागला. तसाच फलक आपण दगडात बघतो आहोत. बौद्ध धम्माला नेहमी राजांनीच पोसले असे शाळेच्या पुस्तकावरून वाटते. लोखंड विकणारा महिक आणि गोपालाचा मुलगा संघमित्र वेगळे सांगतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. लेण्यांच्या जवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्या लेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हणतात. कान्हेरीसारख्या ठिकाणी तर पोढीचे वेगळे दान दिल्याचे लेख आहेत. लेणे एकाने द्यावे, पोढी दुसऱ्याने द्यावी. पावसाचे पाणी खडकातल्या पन्हळीने पोढीत यायचे आणि डोंगराच्या पोटात गार राहायचे. भिक्खूने प्यावे, वाटसरूने प्यावे. संघात जो आला तो कुठल्या कुळातला हे विचारायचे नाही, हा तथागतांचा नियम. वाराणसीच्या श्रेष्ठींची मुले आणि राजगृहाचा भंगी सुनीत एकाच संघात बसले. तेव्हा पोढीवर वेगळी घागर असण्याचे कारण नव्हते.

आजी त्या टाक्यापाशी येऊन थांबल्या. वाकून आत बघितले. पाणी होते. मग कुणी न विचारताच बोलल्या, "आमच्या गावात हिरीच्या कडंला घागर ठिवून उबं ऱ्हायचं. ऊन असू दे, पाऊस असू दे. कुणाच्या मनात आलं तर वरनं वतायचं. न्हाई आलं तर रिकामी घागर घिऊन घरी." पोरे गप्प झाली. एकीने विचारले, "आजी, तुम्ही स्वतः का नाही काढलं?" आजींनी तिच्याकडे बघितले आणि म्हणाल्या, "तुला इचारता येतंय, हेच लई झालं."

आजींच्या लहानपणी अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा 1955 चा कायदा झालेला होता. विहिरीपर्यंत तो पोचायला वेळ लागला.

याच मुलखात आणखी एका लहान मुलाला पाणी मिळाले नव्हते. कराडच्या उत्तरेला मसूर हे रेल्वे स्टेशन आहे. 1901 साली साताऱ्याला शिकणारे बाल भीमराव आपल्या भावाभाच्यांबरोबर त्या स्टेशनवर उतरले. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तिथे सरकारने तलाव खोदायला घेतला होता. मुले येत असल्याचे पत्र वडिलांच्या हाती पडले नाही, म्हणून न्यायला कुणी आले नाही. मुलांची जात कळल्यावर बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे या अटीवर. डब्यात खायला भरपूर होते. पाणी नव्हते म्हणून खाता आले नाही. रात्री टोलनाक्यावर मागितले, तिथेही मिळाले नाही. माणसांना पाणी मिळावे म्हणून तलाव खोदला जात होता आणि तिथल्या रोखपालाची मुले रात्रभर तहानलेली राहिली.

बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ते लिखाण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 साली पुस्तिका म्हणून छापले. त्याच लिखाणात लेण्यांच्या सहलीचाही प्रसंग आहे. 1934 साली चळवळीतल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर बाबासाहेब सहलीला निघाले. काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच असे ठरले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून काही जणांनी दारातल्या हौदावर हातपाय, तोंड धुतले. लगेच पाणी बाटवल्याचा ओरडा झाला, जमाव जमला. शेवटी किल्ला बघायला सोडले, पण आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई दिला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. परदेशात शिकून आलेला, गोलमेज परिषदेला जाऊन आलेला हा माणूस. आपल्याच पूर्वजांची लेणी बघायला निघाला आणि वाटेत त्याच्यामागे पहारेकरी लागला.

म्हणून आमचे म्हणणे असे की, लेणे बघायला गेलात तर चैत्य बघा, विहार बघा आणि मग मुलांना घेऊन पोढीपाशी दहा मिनिटे बसा. मसूरची गोष्ट तिथे सांगा. या डोंगरातून निघालेला माणूस मसूरच्या वाटेला लागतो, इतके ते जवळ आहे. याच मातीत एकदा सगळ्यांसाठी पाणी होते, मग एका मुलाला नाकारले गेले, आणि त्या मुलाने मोठे होऊन ते सगळ्यांसाठी परत मिळवले. एवढे कळले तरी सहलीचे पैसे फिटले.

डोंगराच्या माथ्यावर आगाशिव महादेवाचे देऊळ आहे. त्यावरून डोंगराला नाव पडले. शिरवळजवळच्या बौद्ध लेण्यांना लोक पांडवदरा म्हणतात. वाईजवळच्या लोहाऱ्याला लेण्यातल्या स्तूपाची पालपेश्वर म्हणून पूजा होते. भिक्खू गेले, लेणी ओस पडली आणि ज्याला जे सुचले ते नाव मिळाले. यावरून गावकऱ्यांशी हुज्जत घालू नये. देवळात येणारा शेतकरी आपला शत्रू नाही. बरेचदा वाट तोच दाखवतो. आम्हाला तर एका म्हातारबाबांनी जवळची पायवाट दाखवली आणि आजींना काठी दिली. आपण खरा इतिहास शांतपणे सांगावा. वाचून, अभ्यास करून सांगितला तर ऐकणारे ऐकतात.

आता आपल्या घरातली एक गोष्ट. बरोबरच्या कॉलेजच्या तरुणाने पिशवीतून निळ्या ऑइलपेंटचा डबा काढला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'जयभीम' लिहायचे होते. आम्ही अडवले. तो चिडला. म्हणाला, "बाकीच्यांनी बदाम काढून नावं कोरलीत. ती चालतात. आपल्या लेण्यात आपलंच नाव का चालत नाही?"

प्रश्न सोपा नव्हता. आम्ही म्हणालो, "संघमित्राने नाव लिहिले कारण त्याने लेणे दिले. आपण अजून काय दिले?" त्याने डबा पिशवीत टाकला. पटले की नाही ते आम्हाला कळले नाही. पण उतरताना वाटेवरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या गोळा करून त्याच पिशवीत भरताना आम्ही त्याला बघितले.

रंग दगडात मुरतो, तो काढताना दगडही निघतो. अगरबत्ती-मेणबत्तीच्या धुराने छत काळे पडते, जुने अक्षर असेल तर दिसेनासे होते. शिवाय कड्याकपारीत आग्या मोहोळ असते. धूर गेला की माश्या उठतात आणि पोरेबाळे सापडतात. वंदना जरूर घ्यावी. त्रिसरण-पंचशील म्हणावे, दोन मिनिटे शांत बसावे. फुले वाहिली तर निघताना गोळा करून खाली आणावीत. 1958 च्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे केंद्राच्या संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायद्याच्या भीतीने नव्हे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण जसे जपतो तसे हे जपायचे आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. दिवाळी ते होळी हे दिवस चांगले. पावसाळ्यात वाट निसरडी असते. सांगलीहून आष्टा, पेठनाका करून एस.टी.ने कराड, किंवा रेल्वेने कराड. रेल्वे स्टेशन शहरापासून दूर आहे हे लक्षात ठेवावे. तिथून मलकापूरमार्गे जखिणवाडी. एस.टी.त 2022 पासून पंचाहत्तरीवरच्यांना फुकट आणि 2023 पासून बायांना अर्धे तिकीट आहे. आमच्या आजींचा प्रवास फुकट झाला. भाकरी घरून न्यावी, म्हणजे सकाळी निघून रात्री घरी येता येते. पोढीतले पाणी आता उपसले जात नाही, ते पिऊ नये. प्यायचे पाणी भरपूर न्यावे आणि वाटेत कुणी मागितले तर आधी त्याला द्यावे.

आजींनी तसेच केले. उतरताना एक गुराखी पोरगा भेटला. आजींनी त्याचे नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. "तान लागली आसंल," म्हणाल्या आणि आपली बाटली त्याच्या हातात दिली. पोराने तोंड लावून प्यायले. आजींनी बाटली परत घेतली आणि उरलेले पाणी स्वतः प्यायल्या.

पुढच्या सुट्टीला चार घरे मिळून ठरवा आणि निघा.

जयभीम! नमो बुद्धाय!